वाचकांचे प्रश्न : ‘द टर्न ऑफ द स्क्रू’चा शेवट कसा वाचावा?

या खेपेच्या टपालात हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या १८९८ सालच्या लघुकादंबरीविषयी नाशिकच्या वाचकांची बरीच पत्रे आहेत. निवेदकाच्या मनावर विश्वास ठेवावा की नाही, याच प्रश्नावर उभी राहणारी मानसशास्त्रीय थरारकादंबरी आज आपल्या चांगल्या परिचयाची आहे; तिच्या पूर्वजांमध्ये या छोट्या पुस्तकाचा मान फार वरचा आहे. शेवटाची चर्चा शेवट सांगितल्याशिवाय होत नाही. तेव्हा ज्यांना पुस्तक अजून वाचायचे आहे त्यांनी हे पान जपून ठेवावे आणि आधी पुस्तक वाचावे, ही विनंती.

प्रश्न : आम्ही गंगापूर रोड परिसरातील काही मैत्रिणी महिन्यातून एकदा कोणा एकीच्या घरी जमतो आणि सर्वांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो. या वेळी ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ घेतले होते. शेवटच्या पानावर लहानगा माइल्स शिक्षिकेच्या मिठीत मरतो आणि पुस्तक तिथेच थांबते. निम्म्या जणींचे म्हणणे असे की भुते खरी होती आणि त्या बाईने मुलाला त्यांच्या तावडीतून सोडवले. उरलेल्या म्हणतात की भुते तिच्या डोक्यात होती आणि मुलाचा जीव तिनेच घेतला. यांत बरोबर कोण, हे आपण सांगावे.

उत्तर : आपल्या गटात जे दोन पक्ष पडले तेच इंग्रजी समीक्षेत भुते शिक्षिकेच्या मनातच होती असे मांडणाऱ्या समीक्षक एडमंड विल्सन यांच्या १९३४ सालच्या लेखापासून समोरासमोर उभे आहेत, आणि इतक्या वर्षांत कोणत्याही पक्षाला दुसऱ्याला निरुत्तर करता आलेले नाही. म्हणून एका बाजूच्या पदरात निकाल टाकण्यात अर्थ नाही. परंतु ‘ज्याचे त्याचे मत’ असे म्हणून विषय मिटवणेही मला पुस्तकावर अन्याय करणारे वाटते. या कथेत काही गोष्टी खरोखरच अनिश्चित आहेत आणि काही मुळीच अनिश्चित नाहीत. त्यांची सरमिसळ झाली की वाद नुसता लांबत जातो.

ज्यांना तपशील आठवत नसतील त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. एका गरीब पाद्र्याची विशीतली धाकटी मुलगी लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर राहणाऱ्या एका देखण्या, श्रीमंत आणि अविवाहित गृहस्थाकडे नोकरीसाठी येते. त्याच्या पोरक्या पुतण्याला आणि पुतणीला, म्हणजे दहा वर्षांच्या माइल्सला आणि त्याच्याहून लहान फ्लोराला, एसेक्समधील ‘ब्लाय’ नावाच्या जुन्या वाड्यात राहून सांभाळायचे आणि शिकवायचे, अशी ती नोकरी आहे. अट एकच : काहीही झाले तरी मालकाला त्रास द्यायचा नाही. वाड्याची व्यवस्था मिसेस ग्रोस नावाची प्रेमळ, निरक्षर बाई पाहते. थोड्याच दिवसांत शिक्षिकेला आधी वाड्याच्या बुरुजावर आणि मग खिडकीबाहेर एक अनोळखी पुरुष दिसतो, तळ्याकाठी काळ्या वस्त्रांतली एक स्त्री दिसते, आणि तिची खात्री होते की मालकाचा मृत नोकर पीटर क्विंट आणि आधीची मृत शिक्षिका मिस जेसेल हे दोघे मुलांसाठी परत आले आहेत, आणि मुलांना ते ठाऊक असूनही मुले ते लपवत आहेत.

प्रथम आपल्या पहिल्या पक्षाची सर्वांत भक्कम बाजू पाहू. शिक्षिकेने क्विंटला जिवंतपणी कधी पाहिलेले नाही. तरीही ती खिडकीबाहेरच्या माणसाचे तांबडे कुरळे केस, लांबट फिकट चेहरा, दाढीच्या कडा आणि दुसऱ्या कुणाचे तरी वाटणारे कपडे असे नेमके वर्णन करते, आणि ते ऐकताच मिसेस ग्रोस त्या माणसाचे नाव घेते. मनाच्या खेळातून मेलेल्या परक्या माणसाचा चेहरा कसा निघेल, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणे सोपे नाही. विल्सन यांच्या मताला १९४७ साली रॉबर्ट हाइलमन यांनी विरोध केला, आणि त्या विरोधातला मोठा आधार हाच होता.

तरीही तो प्रसंग पुन्हा सावकाश वाचावा असे मी सुचवेन. आदल्या एका संभाषणात मिसेस ग्रोसच्या तोंडून ‘त्याला सुंदर तरुण मुली आवडत’ अशा अर्थाचे वाक्य निसटते आणि ती घाईघाईने ते मालकाविषयी असल्याचे सांगते. म्हणजे या वाड्यात आणखी कोणी पुरुष होता याची कुणकुण शिक्षिकेला आधीच लागलेली आहे. वर्णन करण्यापूर्वी ती मिसेस ग्रोसला सांगते की, तो माणूस गावातला नाही याची आपण खात्री करून घेतली आहे. ही खात्री तिने कोणाकडे आणि काय विचारून केली, हे जेम्स सांगत नाहीत. पुढे मिसेस ग्रोस ‘तो देखणा आहे का?’ असे विचारते तेव्हा शिक्षिका आपल्याला सांगते की तिला मदत कशी करावी हे माझ्या लक्षात आले, आणि ती उत्तर देते, ‘फारच!’ समोरच्याला ऐकायचे आहे ते हेरून तसे सांगणारा साक्षीदार खोटारडाच असतो असे नव्हे, परंतु त्याची साक्ष जशीच्या तशी उचलता येत नाही.

शिक्षिकेच्या या सवयीची सुरुवात भुते दिसण्याच्याही आधी झाली आहे. माइल्सला शाळेतून काढल्याचे पत्र येते, त्यात कारण दिलेले नाही. मुलाला ठेवून घेणे शक्य नाही एवढेच खेदपूर्वक कळवलेले आहे. शिक्षिका लगेच म्हणते की याचा अर्थ एकच होऊ शकतो, तो इतर मुलांना अपायकारक आहे. मिसेस ग्रोसला वाचता येत नसल्यामुळे पत्राची दुसरी वाचक नाहीच. जिथे मजकूर कोरा आहे तिथे ही बाई आपला मजकूर लिहिते आणि मग तो जणू मुळातच होता असे धरून पुढे जाते.

माझ्या मते शेवट समजण्यासाठी सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र पुस्तकाच्या मध्यावर आहे, आणि वादाच्या भरात तोच बहुधा सुटतो. एका रविवारी चर्चमधून एकटीच परतलेली शिक्षिका अभ्यासाच्या खोलीत येते तेव्हा तिच्याच टेबलाशी मिस जेसेल बसलेली तिला दिसते. त्या प्रसंगात शब्द उच्चारते ती फक्त शिक्षिका. समोरची आकृती एक अक्षरही बोलत नाही आणि नाहीशी होते. पुढच्याच प्रकरणात शिक्षिका मिसेस ग्रोसला सांगते की आमचे बोलणे झाले, आपण यातना भोगत असल्याचे ती म्हणाली आणि तिला फ्लोरा हवी आहे. ‘म्हणजे ती बोलली?’ असे मिसेस ग्रोस चकित होऊन विचारते, तेव्हा उत्तर येते की ते तसेच झाले म्हणा. आपण, म्हणजे वाचक, त्या खोलीत हजर होतो. इथे जेम्स यांनी आपल्या हातात तुलनेसाठी दोन्ही कागद ठेवले आहेत, घडलेले आणि सांगितलेले, आणि त्यांत फरक आहे. संपूर्ण कथेत असे इतके स्पष्टपणे दुसरीकडे कुठे घडत नाही. त्यानंतर तिच्या प्रत्येक विधानापुढे आपल्याला थबकावे लागते. तिला काही दिसलेच नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. दिसलेल्यात ती भर घालते, आणि ते तिच्या ध्यानातही येत नाही, एवढे मात्र सिद्ध होते.

आता शेवटाकडे येऊ. तळ्याकाठच्या प्रसंगात शिक्षिका मिस जेसेलकडे बोट दाखवते, मिसेस ग्रोसला काही दिसत नाही, फ्लोरा आपल्याला कोणी दिसत नसल्याचे ओरडून सांगते आणि तिला शिक्षिकेपासून दूर जायचे असते. दुसऱ्या दिवशी मिसेस ग्रोस फ्लोराला घेऊन लंडनला जाते. जाण्यापूर्वी ती सांगते की रात्रभर त्या पोरीच्या तोंडून ऐकलेल्या भयंकर भाषेमुळे आपला शिक्षिकेवर विश्वास बसला आहे. वाड्यात माइल्स आणि शिक्षिका उरतात. ती त्याच्याकडून कबुलीजबाब काढू लागते. शिक्षिकेने मालकाला लिहिलेले पत्र आपणच चोरल्याचे तो कबूल करतो, त्यात काही मिळाले नाही असेही सांगतो, आणि शाळेतून काढण्याचे कारण म्हणजे आपण काही मुलांना, तीही आपल्याला आवडणाऱ्या, ‘काही गोष्टी बोललो’ एवढेच असल्याचे सांगतो. त्याच वेळी शिक्षिकेला खिडकीत क्विंट दिसतो. मुलगा ‘ती इथे आहे का?’ म्हणून मिस जेसेलचे नाव घेतो, शिक्षिका ते नाकारते, ‘मग तो?’ असे तो विचारतो. ‘तो म्हणजे कोण?’ असे ती दरडावून विचारते. आणि मुलगा किंचाळतो, ‘पीटर क्विंट, सैताना!’ आणि पुढे विचारतो, ‘कुठे?’

या दोन-तीन ओळींत जवळजवळ प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंना लागू पडते. मुलाने आपणहून नावे घेतली म्हणजे त्याला भुते ठाऊक होती, असे पहिला पक्ष म्हणतो. परंतु आदल्या दिवशी तळ्याकाठी मिस जेसेलचे नाव फ्लोरासमोर घेतले गेले होते, आणि दोघा भावंडांची भेट होऊ नये असे म्हणतानाच शिक्षिकेला भीती वाटते की कदाचित फार उशीर झाला असेल. म्हणजे फ्लोराने भावाला सारे सांगितले असणे शक्य आहे. ‘सैतान’ हे क्विंटला उद्देशून की छातीशी घट्ट धरून प्रश्न विचारणाऱ्या बाईला उद्देशून, हे ठरवणारी खूण वाक्यात नाही. मृत्यूचे कारणही तसेच. भूत सुटण्याचा धक्का, बाईने घातलेली भीती, तिच्या मिठीचा दाब, किंवा काही वेळापूर्वी तिलाच जाणवलेला त्याच्या अंगातला ताप, यांपैकी काहीही असू शकते. निश्चित आहे ते एवढेच की मुलाने वळून पाहिले तेव्हा, तिच्याच शब्दांत, त्याला केवळ शांत दिवस दिसला.

म्हणून मी आपल्या गटाला वेगळा प्रश्न सुचवतो. भुते खरी होती असे धरा, मग ती नव्हती असे धरा, आणि दोन्ही वेळा जे बदलत नाही ते बाजूला काढा. दोन्ही वाचनांत एका दहा वर्षांच्या मुलाला एकट्या खोलीत धरून त्याच्याकडून कबुली काढली जाते. दोन्ही वाचनांत ज्याच्यावर या मुलांची जबाबदारी होती त्या काकाने ‘मला काही कळवू नका’ अशी अट घालून स्वतःला मोकळे करून घेतले आहे. घरातली दुसरी जाणती बाई, मिसेस ग्रोस, दोन्ही वेळा निघून गेलेली आहे आणि तिला पाठवण्यात शिक्षिकेचाच पुढाकार आहे. आणि दोन्ही वाचनांत, मूल मरण्याच्या काही क्षण आधी, शिक्षिकेच्या मनात एक प्रश्न येतो : हा जर निष्पाप असेल, तर मग मी कोण? क्षणभर तिच्या पायांखालची जमीन सरकते. त्या प्रश्नापाशी थांबली असती तर कदाचित मूल वाचले असते. ती थांबत नाही. ती पुन्हा विचारू लागते.

माझे मत विचाराल तर या पुस्तकाचा खरा शेवट तो आहे. क्विंट खिडकीत होता की नव्हता हे अनिश्चित ठेवून जेम्स यांनी तिची कृती पूर्ण निश्चित ठेवली आहे. आपल्या दोन्ही पक्षांनी ‘सोडवले’ आणि ‘जीव घेतला’ हे शब्द आपापल्या सोयीने वापरले आहेत. भुते खरी मानणाऱ्या मैत्रिणींनाही हे मान्य करावे लागेल की सोडवण्याच्या हट्टातच मूल दगावले, आणि भुते नाकारणाऱ्यांनाही हे मान्य करावे लागेल की तिचा त्या मुलावर जीव होता.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते आणि मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. मला या शिक्षिकेच्या वर्णनात आजाराची लक्षणे इतकी स्पष्ट दिसतात की यात संदिग्ध काही आहे असेच वाटत नाही. विल्सन यांचे फ्रॉइडच्या आधाराने केलेले विवेचन हाच अंतिम शब्द मानता येणार नाही का?

उत्तर : आपल्या अभ्यासाने आपल्याला जे दिसते ते मी नाकारत नाही. एकाकी तरुण मुलगी, एकदोनदाच पाहिलेल्या मालकाविषयीची ओढ, झोपमोड, प्रचंड जबाबदारी आणि ती कोणाला सांगण्याची बंदी, या सगळ्यांतून आभास निर्माण होणे सहज समजण्यासारखे आहे. संध्याकाळी फिरताना वळणावर ‘कोणीतरी’ भेटावे असे तिच्या मनात असतानाच तिला बुरुजावर पहिल्यांदा पुरुष दिसतो, हा तपशील विल्सन यांनी नजरेस आणून दिला तो योग्यच आहे. जेम्स यांच्या घरातही मनाच्या आजाराची ओळख फार जवळून होती. त्यांचे थोरले बंधू विल्यम जेम्स यांचा ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा ग्रंथ १८९० साली आला होता, आणि बहीण अ‍ॅलिस दीर्घकाळ चेतासंस्थेच्या विकाराने अंथरुणाला खिळून होती आणि १८९२ साली कर्करोगाने वारली.

परंतु याच घराची दुसरी बाजूही आहे. विल्यम जेम्स हे, १८८२ साली स्थापन झालेल्या आणि भुताखेतांच्या अनुभवांची पद्धतशीर नोंद घेणाऱ्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’चे काही काळ अध्यक्ष होते. हेन्री जेम्स यांच्या टिपणवह्या १९४७ साली छापून आल्या, तेव्हा १२ जानेवारी १८९५ ची एक नोंद सर्वांच्या वाचनात आली. कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती : दुष्ट नोकर मरतात आणि त्यांची भुते मुलांना आपल्याकडे ओढू पाहतात. लेखकाच्या हाती आलेले बीज भुताचे होते, वेडाचे नव्हते. शिवाय १८९८ मध्येच एच. जी. वेल्स यांना लिहिलेल्या पत्रात, शिक्षिकेच्या स्वतःच्या मनाची गुंतागुंत आपण जाणूनबुजून बाहेर ठेवली, असे जेम्स म्हणतात. लेखकाचा शब्द अंतिम असतो असे मी मानत नाही, परंतु तो मुळीच ऐकू नये असेही नाही.

निदानाविषयी माझी खरी हरकत वेगळी आहे. पुस्तकाच्या प्रारंभी डग्लस नावाचा गृहस्थ या हस्तलिखिताची ओळख करून देतो. ही शिक्षिका पुढे त्याच्या बहिणीला शिकवत होती, तिच्या पेशातल्या स्त्रियांमध्ये इतकी चांगली बाई आपण पाहिली नाही, असे तो सांगतो. ब्लायनंतर तिने अनेक वर्षे मुले सांभाळली आणि तिच्याविषयी कोणाची तक्रार आली नाही, असे यावरून दिसते. ज्या आजाराने मुलाचा जीव जाण्याइतके टोक गाठले, तो नंतर कुठे गेला? डग्लसचे तिच्यावर प्रेम होते म्हणून तो पक्षपाती आहे, असे आपण म्हणू शकता, आणि ते म्हणणे रास्त असेल. परंतु मग निदान करताना आपल्या हाती तिची स्वतःची लेखी हकीकत आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्याची साक्ष एवढेच उरते. रुग्ण समोर नसताना, तिला ओळखणाऱ्या त्रयस्थाशी बोलता येत नसताना, आपण प्रत्यक्षात कोणाचे निदान लिहून द्याल का? तीच सावधगिरी कागदावरच्या बाईबाबतही बाळगावी. आजाराचे नाव एकदा लावले की तिच्या धैर्याकडे, मायेकडे आणि अहंकाराकडे पाहायचे राहून जाते, आणि हे पुस्तक तर त्या तिन्हींच्या गुंत्याविषयीच आहे.

प्रश्न : मी पंचवटीत राहणारा, सत्तरी ओलांडलेला वाचक आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा वाचत मोठा झालो. तिथे शेवटी उलगडा होत असे. ज्या लेखकाला शेवट सांगता येत नाही त्याने वाचकाला सबंध पुस्तकभर ताटकळत ठेवावे, ही मला फसवणूक वाटते. यावर आपण काय म्हणाल?

उत्तर : आपली तक्रार मी गंभीरपणे घेतो, कारण अनेक आधुनिक थरारकादंबऱ्यांबाबत ती अगदी खरी आहे. शेवटच्या प्रकरणात लेखकाला वाट सापडत नाही, म्हणून तो दिवा मालवतो आणि त्याला संदिग्धता म्हणतो, असे घडते. अशा पुस्तकाची परीक्षा करण्याचा एकच उपाय मला ठाऊक आहे, तो म्हणजे दुसरे वाचन. शेवट कळल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून वाचताना दोन्ही अर्थांना लागणारा पुरावा आधीपासूनच जागच्या जागी असेल, तर लेखक प्रामाणिक आहे. एखादा अर्थ केवळ शेवटच्या पानावरच उगवलेला असेल, तर आपला राग रास्त आहे. वर सांगितलेले शाळेचे पत्र, मिसेस ग्रोसची निसटलेली वाक्ये, अभ्यासाच्या खोलीतला प्रसंग, हे सारे जेम्स यांनी बरेच आधी मांडून ठेवले आहे.

दुसरे असे की करार कोणता झाला आहे हेही पाहावे. अर्नाळकरांच्या रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे सांगण्याचे वचन पहिल्याच पानावर दिलेले असते, आणि धारपांच्या कथेत दुष्ट शक्ती खरी आहे हे गृहीत धरूनच समर्थांसारखा नायक तिच्याशी झुंजतो. जेम्स यांनी असे वचन दिलेलेच नाही. प्रारंभी शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींपैकी एक बाई, ती शिक्षिका कोणाच्या प्रेमात होती असे विचारते, तेव्हा डग्लस बजावतो की ही कथा ते सांगणार नाही, निदान सरळ, ढोबळ शब्दांत तर नाहीच. आणि शेवटी आपण त्या शेकोटीकडे परत येतच नाही. ऐकणाऱ्यांना काय वाटले, डग्लस काय म्हणाला, हे काही कळत नाही. चौकट उघडली पण मिटली नाही, ही चूक नसून योजना आहे, कारण त्या मंडळींपैकी कोणी एक शब्द बोलले असते तरी तो निकाल ठरला असता.

आपल्याकडेही हे नवे नाही. वेताळपंचविशीत वेताळ प्रत्येक कथेच्या शेवटी कोडे घालतो आणि विक्रमराजा उत्तर देऊन मौन मोडतो, म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जातो. बाप आणि मुलगा यांनी अनुक्रमे मुलगी आणि आई यांच्याशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, या शेवटच्या कोड्याला मात्र राजा उत्तर देत नाही, आणि त्याच मौनावर वेताळ प्रसन्न होतो. उत्तर सुचत असतानाही राजाने ते दडवले असते तर त्याच्या डोक्याची शकले झाली असती, ही अटही त्या कथेत आहेच, आणि लेखकांनी तीही लक्षात ठेवावी असे मला वाटते. आपण अर्नाळकर आणि धारप वाचले आहेत. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा अजून वाचल्या नसतील तर त्या जरूर वाचाव्यात. भीतीचे मूळ बाहेर आहे की माणसाच्या मनात, हा प्रश्न मराठीत त्यांनी पुष्कळदा आणि जबाबदारीने हाताळला आहे.

प्रश्न : मी सिडको भागातील एका महाविद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. विद्यार्थ्यांना मूळ भाषा जड जाते, म्हणून आधी चित्रपट दाखवून मग पुस्तक द्यावे असा विचार आहे. हे योग्य होईल का?

उत्तर : क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जॅक क्लेटन यांचा १९६१ सालचा, डेबोरा कर यांची भूमिका असलेला ‘द इनोसंट्स’ हा चित्रपट उत्तम आहे आणि त्यानेही संदिग्धता जपण्याचा प्रयत्न केला आहे, परंतु पडद्यावर क्विंट दिसला की प्रेक्षकाने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. पुस्तकात तो आपल्याला केवळ तिच्या शब्दांत दिसतो. शेवटचा प्रसंगही चित्रपटात खोलीऐवजी बाहेर बागेत, पुतळ्यांच्या मध्ये घडतो, त्यामुळे खिडकीच्या काचेमुळे येणारी सारी शंका तिथे नाहीशी होते. बेंजामिन ब्रिटन यांच्या १९५४ सालच्या ऑपेरात तर क्विंट आणि मिस जेसेल शिक्षिका जवळ नसताना एकमेकांशी गातात, म्हणजे ते तिच्या मनाबाहेर आहेत असेच मानावे लागते. हे दोन्ही नमुने पुस्तकानंतर दाखवले तर तुलनेसाठी फार उपयोगी पडतील.

जेम्स यांची लांब वाक्ये मुलांना जड जातात हे खरे आहे. त्यासाठी संपूर्ण पुस्तक एकदम देण्याऐवजी कथानक आपण तोंडी सांगावे, शाळेच्या पत्राचे प्रकरण, अभ्यासाच्या खोलीतला प्रसंग आणि त्यानंतरचे संभाषण, आणि शेवटचे चोविसावे प्रकरण एवढेच वर्गात मोठ्याने वाचावे, आणि प्रत्येक वाक्यापाशी मुलांना विचारावे की हे कोणी पाहिले, कोणी सांगितले आणि दुसऱ्या कोणी त्याला दुजोरा दिला का.